मायानगरीतील रोजगार हमी

"सर, अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते, असे आपण वर्गात सांगता. मग लोहारकामाची एकोणतिसावी पायरी एका दमात फुकट कशी मिळते?" तास संपल्यावर व्हरांड्यात एका विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा प्रथम मला वाटले की हा एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेविषयी बोलत आहे. मागाहून उलगडा झाला. मुलगा मुखेड तालुक्यातला, नांदेडला बी. ए.च्या दुसऱ्या वर्गात शिकणारा. त्याचा धाकटा भाऊ लातूरला खोली करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. दोघे भाऊ रात्री आपापल्या खोलीवरून, आपापल्या फोनवर, एकाच काल्पनिक राज्यात भेटतात. धाकटा तेथे बराच पुढे गेलेला. थोरला नुकताच दाखल झालेला आणि पावलोपावली अडखळणारा. धाकट्याने त्याला सांगितले होते की, एका सरदाराची हरवलेली तलवार नव्याने घडवून दिलीस तर लोहारकामात पहिल्या पायरीवरून थेट एकोणतिसाव्या पायरीवर जाशील. थोरल्याला हे खरे वाटेना.

ते खरे आहे. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या खेळाविषयी हे दोघे बोलत होते. वीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात असताना सायबर कॅफेच्या लाकडी खुराड्यात बसून मीही या खेळाच्या आद्य रूपात लाकडे तोडलेली आहेत, त्यामुळे मुलाचा प्रश्न थट्टेवारी नेणे मला शक्य नव्हते. शिवाय अशा काल्पनिक राज्यांचा विचार करणे अर्थशास्त्राच्या अध्यापकास कमीपणाचे आहे, असे मानण्याचे दिवसही मागे पडले. २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉरॅथ नामक देशाचे दरडोई उत्पन्न काढले. ते २,२६६ डॉलर भरले, आणि त्या हिशेबाने हा कोठेही नसलेला देश जगात सत्त्याहत्तरावा ठरला. त्या वर्षी आपल्या देशाचे दरडोई उत्पन्न याच्या पाव भागाहूनही कमी होते. या गणितावर आक्षेप घेता येतील, परंतु जेथे माणसे श्रम करतात, साठा करतात, विनिमय करतात आणि एकमेकांस फसवितात, तेथे अर्थशास्त्र उपस्थित असते, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. अँड्र्यू आणि पॉल गॉवर या इंग्रज बंधूंनी जानेवारी २००१ मध्ये 'रूनस्केप' सुरू केला. पुढे त्यात इतके बदल झाले की जुन्या खेळाडूंना तो ओळखू येईना; तेव्हा त्यांच्या आग्रहावरून २००७ सालचे त्याचे रूप फेब्रुवारी २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' या नावाने परत आणण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो फोनवर आला आणि त्या वाटेने आमच्या वसतिगृहांत पोहोचला. खेळात उतरणारा प्रत्येक जण आधी एका बेटावर प्राथमिक धडे घेतो आणि मग लम्ब्रिज नावाच्या लहानशा गावी येतो. हाती कांस्याची कुऱ्हाड, एक कुदळ आणि मासे धरण्याचे जाळे. पुढे काय करावे हे कोणी सक्तीने सांगत नाही. लाकूडतोड, खाणकाम, लोहारकाम, मासेमारी, स्वयंपाक, तलवारबाजी, तिरंदाजी अशी पंधरा कौशल्ये विनामूल्य शिकता येतात. आणखी काही, वर्गणी भरणाऱ्या सदस्यांसाठी राखून ठेवलेली आहेत. प्रत्येक कौशल्याच्या नव्याण्णव पायऱ्या. साधा ओंडका तोडला की पंचवीस अनुभवगुण, ओक वृक्षाचा तोडला की साडेसदतीस. गुण साठत गेले की पायरी चढावयाची.

नवख्याने सर्वांत आधी समजून घ्यावी ती या पायऱ्यांची चढण. दुसऱ्या पायरीस ८३ गुण लागतात. दहाव्या पायरीस १,१५४, तिसाव्या पायरीस १३,३६३, पन्नासाव्या पायरीस १,०१,३३३. आणि नव्याण्णवाव्या पायरीस? १,३०,३४,४३१. म्हणजे पन्नासाव्या पायरीवर उभा असलेला खेळाडू आपण अर्धी वाट चाललो असे समजतो, तेव्हा त्याने प्रत्यक्षात शेकडा एकाहूनही कमी श्रम केलेले असतात. खरी अर्धी वाट कोठे आहे? ब्याण्णवाव्या पायरीवर. तेथे ६५,१७,२५३ गुण होतात. उरलेल्या सात पायऱ्यांसाठी जवळजवळ तेवढेच पुन्हा मिळवावे लागतात. दर सात पायऱ्यांना श्रम दुप्पट, अशी या चढणीची रचना आहे. सावकारी व्याजाची कोष्टके पाहिलेल्या वाचकांच्या ध्यानात येईल की ही दर पायरीस सुमारे दहा टक्के चक्रवाढ झाली. विद्यार्थ्यांना चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ असते, त्याची धार मात्र कळलेली नसते. या खेळात ती बोटांना कळते.

आता प्रश्न असा की, शेकडो तास एकच झाड तोडत बसण्यात तरुणांना गोडी का वाटावी? आळस, व्यसन, संस्कारांचा अभाव ही नेहमीची उत्तरे मला पटत नाहीत. आळशी मनुष्य दोन लाख ओंडके तोडत नाही. मला हे कोडे उलगडले ते आपल्याच भागातील एका जुन्या व्यवस्थेच्या आठवणीने. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली. मागेल त्याला काम आणि मोजून दाम, हे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचे मर्म होते. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर येणाऱ्याची जात, शिक्षण, ओळखपाळख यांपैकी कशाचीही विचारणा तत्त्वतः नव्हती. किती खडी फोडली ते मोजावयाचे आणि तेवढे दाम द्यावयाचे. व्यवहारात मोजमापाच्या आणि हजेरीपटाच्या तक्रारी झाल्या, तो भाग वेगळा. पण श्रम केले तर फळ हमखास मिळेल, ही हमी गरीब माणसाला किती मोलाची वाटते हे त्या काळी सर्वांनी पाहिले.

या काल्पनिक राज्यात ही हमी पूर्णत्वास गेलेली आहे. तेथे मुकादम नाही आणि हजेरीपट चुकत नाही. ओकच्या ओंडक्याला साडेसदतीस गुण आजही मिळतात, उद्याही मिळतील. लातूरच्या खोलीत मिळतात तेवढेच लंडनमध्येही मिळतात. आणि ज्या मुलाला ते मिळतात त्याच्या दिवसाकडे पाहावे. सकाळी सहा-साडेसहापासून शिकवणी, दुपारी सराव-परीक्षा, रात्री अभ्यासिका. २०२४ च्या 'नीट' परीक्षेस देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खाजगी मिळून एक लाखाच्या थोड्याच पुढे. येथे श्रम आणि फळ यांचे नाते सरळ नाही. मुलगा कालच्यापेक्षा दोन तास अधिक बसला तरी त्याचा क्रमांक खाली जाऊ शकतो, कारण इतर तीन तास अधिक बसलेले असतात. दिवसभर अशा बेभरवशाच्या रोजगारावर राबलेला सोळा-सतरा वर्षांचा पोर रात्री अकरा वाजता हमीच्या कामावर जातो. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात राहणाऱ्या मुलांविषयी बोलताना पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी एवढे तरी समजून घेतले पाहिजे.

परंतु रोजगार हमीवर जो आक्षेप त्या काळी अभ्यासकांनी घेतला, तोच येथेही लागू पडतो. मजुरी मिळाली, पण मागे उरले काय? पाझर तलाव झाला, विहीर झाली, बांधबंदिस्ती झाली तर तो पैसा पुढील पिकातही दिसतो. रस्त्याच्या कडेला नुसती खडीची रास पडून राहिली तर दुष्काळ सरल्यावर गवताखाली ती दिसेनाशी होते. कामाकामांत हा फरक असतो. नवख्या खेळाडूस माझा जो काही उपदेश आहे, तो या एका फरकावर उभा आहे: पहिल्या पायऱ्या खडी फोडून चढू नयेत.

त्यासाठी खेळात 'क्वेस्ट' नावाच्या कामगिऱ्या आहेत. लम्ब्रिजच्या वाड्यातील आचाऱ्यास मेजवानीसाठी अंडे, दूध आणि पीठ हवे असते. नवखा कोंबड्यांच्या आवारातून अंडे आणतो, गाय पिळतो, शेतातील गहू कापून गिरणीच्या वरच्या मजल्यावर चढवितो, दांडा ओढतो आणि खाली येऊन पीठ भरून घेतो. त्याला पाकक्रियेचे ३०० गुण मिळतात आणि तो चौथ्या पायरीवर जातो. गुण किरकोळ आहेत. पण या एका कामात त्याला गावाचा नकाशा, गिरणीची जागा आणि कच्च्या मालाचा पक्का माल कसा होतो हे कळते. हीच ती विहीर.

डोरिक नावाच्या ठेंगूची कामगिरी याहून मोलाची आहे. फॅलाडोर शहराच्या उत्तरेस तो राहतो. त्याला चिकणमातीचे सहा, तांब्याचे चार आणि लोखंडाचे दोन दगड हवे असतात. ते दिले की खाणकामाचे १,३०० गुण, म्हणजे पहिल्या पायरीवरून सरळ दहावी. येथे एक मौज आहे. लोखंड खणण्यास खाणकामाची पंधरावी पायरी लागते. मग पहिल्या पायरीवरचा माणूस ते आणणार कोठून? बाजारातून. जे स्वतः करता येत नाही ते दुसऱ्याकडून घ्यावे, हा श्रमविभागणीचा पहिला धडा तो ठेंगू न बोलता देतो.

आणि खाणकामाची दहावी पायरी आली की सरदाराच्या तलवारीची कामगिरी खुली होते. फॅलाडोरच्या किल्ल्यातील एका सेवकाने धन्याची पिढीजात तलवार हरवलेली असते. नोकरी जाईल या भीतीने तो अंगणात येरझारा घालीत असतो. व्हॅरॉकच्या ग्रंथपालाला विचारावे, त्याने सांगितलेल्या म्हाताऱ्या ठेंगू कारागिराकडे जावे, त्याला लाल बोरांची पाई खाऊ घालून बोलते करावे, तलवारीचे चित्र मिळवावे, बर्फाळ गुहेत राक्षसांच्या डोळ्यांआड ब्लुराइट नावाचा निळसर दगड खणून पळून यावे. शेवटी १२,७२५ गुण. हीच त्या विद्यार्थ्याची एकोणतिसावी पायरी.

आता ती फुकट आहे काय, याचा हिशेब करू. कांस्याची एक कांब ओतली की ६.२ गुण आणि ती ऐरणीवर ठोकली की १२.५ गुण, मिळून १८.७. केवळ कांस्यावर एवढे गुण मिळवावयाचे तर सुमारे ६८० कांबी लागतील. प्रत्येक कांबीस तांब्याचा एक आणि कथिलाचा एक दगड, म्हणजे १,३६० दगड आधी खणावे लागतील. हे सर्व टळले. त्याऐवजी द्यावे लागले ते लक्ष. संवाद वाचावे लागले, वाट शोधावी लागली, ज्या गुहेत जीव सहज जाऊ शकतो तेथे धैर्याने शिरावे लागले. खेळ येथे श्रमाचे नव्हे, शिकण्याचे दाम देतो. ते इतके उदार का असावे, हेही उघड आहे. नवख्याला शिकविण्यात कंपनीचा स्वार्थ आहे. शिकलेला माणूस टिकतो आणि टिकलेला माणूस पुढे वर्गणी भरतो. त्या विद्यार्थ्यास मी सांगितले की, ही शिष्यवृत्ती आहे, आणि शिष्यवृत्ती देणारा नेहमी काही हेतू मनात धरून देतो. त्याने मान डोलावली. पटले की नाही ते कळले नाही.

याच रीतीने ड्रेनॉर गावच्या रक्तपिपासू सरदारास मारण्याची कामगिरी ४,८२५ गुण देऊन तलवारबाजीच्या आघातात विसाव्या पायरीवर नेते. विसाव्या पायरीवर मिथ्रिल धातूचे शस्त्र हाती धरता येते. पाचव्यावर पोलाद, तिसाव्यावर अ‍ॅडमंट, चाळिसाव्यावर रून. नवखे पुष्कळदा जुन्याच कांस्याच्या तलवारीने लढत राहतात, कारण ती 'अजून चालते'. जुने अवजार हातचे सोडवत नाही, ही खोड शेतकऱ्यापासून गिरणीमालकापर्यंत सर्वांना असते. नवीन शस्त्र धरण्याची पायरी येताच ते घ्यावे आणि त्यानंतर आघातापेक्षा बळाच्या पायऱ्या आधी वाढवाव्यात. प्राणशक्तीची वेगळी चिंता नको. ती लढताना आपोआप वाढते.

पहिली लढाई कोणाशी करावी, याबद्दल जगभरचे खेळाडू लम्ब्रिजबाहेरच्या कुरणाकडे बोट दाखवितात. तेथे गाई आहेत, आणि त्यांचे कातडे विकले जाते. आमच्याकडील काही मुलांचा तेथे हात उचलत नाही, असे या विद्यार्थ्याने संकोचाने सांगितले. संकोचाचे कारण नाही; कोंबड्या आहेत, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या अधिक चांगल्या आहेत. कोंबड्यांकडून बहुधा पिसे मिळतात, ती टाकून देऊ नयेत. मासेमारीची विसावी पायरी आली की त्याच पिसांचे आमिष लावून नदीत ट्राउट मासा धरता येतो, तो शिजवून स्वयंपाकाचे गुण मिळतात आणि शिजलेला मासा पुढील लढाईत जीव राखतो. एका धंद्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होणे यास अल्बर्ट हर्शमनने १९५८ साली उद्योगांचे दुवे म्हटले. मी वर्गात साखर कारखाना, मळी आणि मद्यार्क यांचे उदाहरण देत आलो; यंदा पिसांचेही दिले, आणि मागील बाकावरची मुले प्रथमच लिहून घेताना दिसली.

बाजाराविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. व्हॅरॉकच्या वायव्येस ग्रँड एक्स्चेंज नावाची मध्यवर्ती पेठ आहे. विकणारा आपला भाव सांगून माल ठेवतो, घेणारा आपला भाव सांगून पैसे ठेवतो. दोन्ही जुळले की सौदा होतो, आणि कोणी कोणाचे तोंड पाहत नाही. लातूरच्या आडत बाजारात ज्याच्या वडिलांनी सोयाबीन घातले आहे त्या मुलाला ही व्यवस्था स्वर्गीय वाटते. रुमालाखाली बोटे नाहीत, हमाली-तोलाई नाही, ओलाव्याच्या नावाखाली कपात नाही. आहे तो एक कर: पूर्वी एक टक्का होता, २०२५ मध्ये दोन टक्के झाला. त्या करातून काही माल खरेदी करून नष्ट केला जातो आणि उरलेली नाणी चलनातून नाहीशी होतात. राक्षस मारला की नाणी निर्माण होणाऱ्या राज्यात टाकसाळ प्रत्येकाच्या तलवारीच्या टोकाशी असते. तेथे नाणी नष्ट करण्याची सोय नसेल तर भाववाढीला अंत राहणार नाही. भाव मात्र येथेही आवकेप्रमाणे हलतात. दिवाळीच्या सुमारास सर्वांचे सोयाबीन एकदम बाजारात आले की जे होते, तेच येथे सर्व नवख्यांनी एकच वस्तू गोळा केली की होते. म्हणून 'अमुक वस्तूत हमखास कमाई' असे जेव्हा सर्वांच्या तोंडी होते, तेव्हा ती कमाई सरत आलेली असते.

बाजाराचा आश्रय अजिबात न घेता सर्व काही स्वतः निर्माण करण्याचा एक प्रकारही २०१४ पासून खेळात आहे; त्या खेळाडूस 'आयर्नमॅन' म्हणतात. आपल्या देशाने काही दशके असाच प्रयोग करून पाहिला. नवख्याने तो लगेच करू नये.

याच पेठेच्या अंगणात लबाडही उभे असतात. "दहा हजार नाणी दे, वीस हजार परत देतो." पहिल्यांदा देतातही. दुसऱ्यांदा पन्नास हजार घेऊन दिसेनासे होतात. मराठवाड्यातील वाचकास दामदुप्पट हा शब्द नवा नाही. ठेवी बुडालेली घरे गावोगाव आहेत. गंमत अशी की, आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट हा ऋणकोला संरक्षण देणारा नियम होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. धनकोला घातलेल्या मर्यादेचे नाव पुढे ठेवीदाराला दाखविलेले आमिष झाले. काल्पनिक पेठेत पन्नास हजार काल्पनिक नाणी गमावून हा धडा एखाद्या मुलाने विसाव्या वर्षी घेतला, तर तो स्वस्तात सुटला असे मी म्हणेन.

खऱ्या पैशाने काल्पनिक नाणी किंवा वरच्या पायरीवरचे खाते विकत घेणे ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि तेथे कोणतीही सवलत नको. नाणी विकणाऱ्यांत सर्वच लबाड नसतात. २०१७ नंतरच्या काळात व्हेनेझुएलाचे चलन मातीमोल झाले तेव्हा तेथील कित्येक तरुणांनी याच खेळात हिरवे ड्रॅगन मारून, त्यांची हाडे-कातडी विकून, मिळालेली नाणी परदेशी खेळाडूंना विकली आणि त्यावर घर चालविले. त्यांना नावे ठेवण्यास मी धजणार नाही. पण खेळाच्या नियमांनी हा व्यवहार निषिद्ध आहे, खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि आपला परवलीचा शब्द व फोनवरून पैसे पाठविण्याची सोय परक्याच्या हाती गेली तर नुकसान काल्पनिक राहत नाही. हा व्यापार रोखण्यासाठी २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी कंपनीने खेळाडूंमधील खुला विनिमयच बंद केला होता. मित्राला मोलाची भेट देणेही अशक्य झाले. २०११ च्या फेब्रुवारीत ती बंदी उठवावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्याचा रोख पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. वर्गणीचे खेळ त्याने वेगळे ठेवले. फरक योग्य आहे. तरीही वर्गणीची घाई करू नये. विनामूल्य भागातील कामगिऱ्या संपेपर्यंत तिची गरज पडत नाही. वर्गणी भरलीच, तर धबधब्याची कामगिरी आधी करावी. आघात आणि बळ या दोहोंत प्रत्येकी १३,७५० गुण मिळून पहिल्यावरून तिसाव्या पायरीवर जाता येते, तेही कोणास न मारता.

आता मार्गदर्शिकांविषयी. या खेळाच्या प्रत्येक पायरीसाठी सर्वांत जलद वाट कोणती, याची सविस्तर कोष्टके हौशी लोकांनी केलेली आहेत. लातूरच्या मुलाच्या हाती ती पडली की तो ओळखीच्या घरी आल्यासारखा होतो. ज्या गावाने परीक्षेच्या तयारीची पद्धत इतकी घोटीव केली की 'लातूर पॅटर्न' हे तिचे नाव राज्यभर झाले, त्या गावात खेळाचाही पॅटर्न होणारच. मला पॅटर्नचा तिटकारा नाही. त्याने पुष्कळ खेड्यांतील मुलांना मोठ्या शहरांच्या बरोबरीने उभे केले. परंतु खेळात घाई कशाची? पहिल्या तीस पायऱ्यांतच नवे गाव, नवी माणसे, नवे अवजार भेटते. कोष्टकवाले त्या पायऱ्या लवकर उरकावयास सांगतात, म्हणजे जेवण उरकून भांडी घासावयास लवकर बसावे असे सुचवितात. माझे सांगणे उलट आहे. आरंभी हळू चालावे, कोष्टक न पाहता चुकावे, आणि थांबण्याची जागा मात्र आधीच ठरवून ठेवावी.

ती कोठे असावी, यासाठी पुन्हा थोडे गणित. ताशी वीस हजार गुण मिळतात असे धरून चालू. सत्तरावी पायरी सुमारे सदतीस तासांत येते. दिवसाला एक तास म्हटले तर सव्वा महिना. नव्याण्णवावीस साडेसहाशे तास लागतात. आणि हे एका कौशल्याचे. तिसाव्या पायरीवर विलो वृक्षाशी उभा राहून शेवटपर्यंत तेच झाड तोडीत गेलो, तर ओंडके होतात सुमारे एक लाख त्र्याण्णव हजार. साडेसहाशे तास म्हणजे दिवसाला दोन तासांप्रमाणे जवळजवळ अकरा महिने. लातूरच्या खोलीचे वर्षही साधारण तेवढेच असते. खेळाचा मोबदला पायरीगणिक घटत जातो, पण मुलाच्या तासाची किंमत परीक्षा जवळ येईल तशी वाढत जाते. ही दोन रेषा कोठे छेदतात ते प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर काढून पाहावे. माझ्या अंदाजाने ती जागा पन्नास ते साठ या पायऱ्यांच्या दरम्यान येते. धाकट्या भावासाठी थोरल्याने हा आलेख माझ्यासमोर वहीत काढून घेतला. स्वतःसाठी काढलास काय, असे विचारल्यावर हसला.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा व्हरांड्यात भेटला. डोरिकचे काम झाले होते, खाणकामाची दहावी पायरी आली होती, सेवकाशी आणि ग्रंथपालाशी बोलणे झाले होते. पण म्हाताऱ्या कारागिरासाठी केलेली पाई तिसऱ्यांदा करपली होती, कारण स्वयंपाकाची पायरी अद्याप कच्ची. "आणखी दोन-चार दिवस कोळंबी भाजून हात बसवू का, सर?" मी विचारले, "डोरिकचे लोखंड कोठून आणले होतेस?" तो क्षणभर थांबला, आणि खिशातून फोन काढून पेठेतील पाईचा भाव पाहू लागला.